राजकीय माहितीपट करत आयुष्य काढायचं तर काय काय लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्रकारितेची पदवी झाली आहे, एक साधा मिररलेस कॅमेरा आहे आणि आनंद पटवर्धन करतात तसे राजकीय माहितीपट आयुष्यभर करायचे आहेत. हे जमतं का, पोट भरतं का, आणि सेन्सॉर आडवा आला तर काय करायचं?

जमतं. पण तुम्ही तयारी करताय ती चित्रीकरणाची आणि संकलनाची, आणि हा एकूण कामाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग माहितीपट पूर्ण झाल्यावर सुरू होतो: प्रमाणपत्र, पत्रव्यवहार, वेळ आली तर कोर्ट, वस्त्यावस्त्यांतले खेळ आणि फुटेजची राखण. या क्षेत्रात आलेली बहुतेक गुणी मुलं पहिल्या माहितीपटानंतर थांबतात ती इथेच. त्यांनी सगळे पैसे आणि सगळी उमेद फायनल कटपर्यंत खर्च केलेली असते.

पटवर्धनांचंच उदाहरण घेऊ, कारण त्यांची पन्नास वर्षांची वाटचाल उघड नोंदलेली आहे. मोठे माहितीपट क्रमाने पाहा: ‘हमारा शहर’ १९८५, ‘राम के नाम’ १९९२, ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ १९९५, ‘जंग और अमन’ २००२, ‘जय भीम कॉम्रेड’ २०११, ‘विवेक’ २०१८, ‘वसुधैव कुटुंबकम्’ २०२३. मध्ये पंजाब, नर्मदा, मच्छीमार यांच्यावरचं कामही झालं, तरी दोन मोठ्या माहितीपटांत तीन ते नऊ वर्षांचं अंतर पडतंच. ही अंतरं आळसाची नाहीत. ‘जय भीम कॉम्रेड’चं काम चौदा वर्षं चाललं. ‘जंग और अमन’ १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर सुरू झाला आणि भारत, पाकिस्तान, जपान, अमेरिका असा फिरला. म्हणजे ‘दर वर्षी एक माहितीपट’ असा हिशेब मांडून या कामात उतरलात तर दुसऱ्या वर्षीच तो कोलमडेल. पाच-सात वर्षांत एक मोठा आणि मधल्या काळात दोन-तीन छोटे, हा हिशेब खरा.

सुरुवात कोणत्या साधनांनी करायची, याचं उत्तर सोपं आहे: हाताशी आहेत त्या. १९७४ च्या बिहार आंदोलनाचं पटवर्धनांचं चित्रीकरण बरंचसं उसन्या सुपर-८ (८ मिमी फिल्मच्या छोट्या) कॅमेऱ्यावर झालं आणि नंतर ते १६ मिमीवर आणलं गेलं. सुपर-८ च्या फिल्मची डबी ५० फुटांची. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाने ती ३ मिनिटं २० सेकंदांत संपते. १६ मिमीचा ४०० फुटी रोल २४ फ्रेमच्या वेगाने साधारण ११ मिनिटं चालतो. त्या पिढीला बटण दाबण्याआधी विचार करावाच लागे. तुमची अडचण नेमकी उलटी आहे. सेकंदाला १०० मेगाबिटने (१०० एमबीपीएस) रेकॉर्डिंग केलं तर तासाला सुमारे ४५ जीबी भरतात. १०० तासांचे साडेचार टीबी, आणि तीन प्रती ठेवायच्या तर साडेतेरा टीबी. पहिला माहितीपट रखडतो तो बहुतेक वेळा फुटेज कमी पडलं म्हणून नव्हे. ते कुणी पाहिलेलंच नसतं म्हणून.

त्यामुळे नोंदीची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्या. रात्री परतल्यावर कार्ड दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा. नुसतं कॉपी-पेस्ट करू नका, चेकसम (प्रत मूळ फाइलशी हुबेहूब जुळते का ते सांगणारा, फाइलवरून काढलेला आकडा) पडताळणारं सॉफ्टवेअर वापरा. तिसरी प्रत आठवड्याच्या आत दुसऱ्या घरात गेली पाहिजे. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मग त्याच रात्री लॉग लिहायचा: तारीख, जागा, माणसं, टाइमकोड (फुटेजमधली नेमकी वेळ) आणि एका ओळीत काय घडलं ते. तासाभराच्या मुलाखतीचं शब्दशः टंकन आणि भाषांतर करायला सहा ते आठ तास लागतात. ते पुढे ढकललं की दोन वर्षांनी कोण बोलतंय हेच ओळखू येत नाही. चेकसमचा आणखी एक फायदा आहे. तुमचं फुटेज उद्या न्यायालयात पुरावा म्हणून गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य (चेकसमसारखाच आकडा) नोंदवावं लागतं. मूळ फाइल तिच्या मूळ नावासकट जपलेली असेल तरच ते प्रमाणपत्र निर्धास्तपणे देता येतं. व्हॉट्सअॅपवरून आलेली-गेलेली प्रत तिथे लंगडी पडते.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. हलणारं चित्र प्रेक्षक सोसतो, न कळणारं वाक्य सोसत नाही. मोर्चात कॅमेऱ्यावरचा माइक फक्त घोषणा टिपतो. बाजूला उभ्या बाईचं बोलणं त्यात बुडून जातं. एक लॅपल माइक (कपड्याला लावायचा), एक शॉटगन माइक (एकाच दिशेचा आवाज टिपणारा) आणि हेडफोन कायम कानाला. आवाजाचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. प्रत्येक मुलाखतीनंतर सगळ्यांना गप्प बसवून त्या खोलीचा अर्ध्या मिनिटाचा आवाज नुसता रेकॉर्ड करा. संकलनात सांधे झाकायला तोच लागतो. पंखा बंद केलात तर निघताना तो सुरू करून द्यायला विसरू नका. लोक बोलत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

आता राजकीय माहितीपटाला खास लागणारी एक गोष्ट: अंतर दाखवणारा शॉट. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि दहा माणसं गेली. जमाव गॅसचे टँकर पेटवून देणार होता, असं पोलिसांचं म्हणणं होतं. मग सगळा प्रश्न टँकर कुठे उभे होते आणि गोळ्या कुठे लागल्या, या अंतरावर येऊन ठेपला. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये त्याची तपासणी आहे. यातून शिकायचं ते हे: घटनेच्या जागी गेलात की आधी न तोडलेला एक लांब पॅन (एका जागी उभं राहून कॅमेरा हळूहळू फिरवत घेतलेला शॉट) घ्या, ज्यात दोन पक्क्या खुणा एकत्र दिसतात. खांबाचा नंबर, दुकानाची पाटी, पुलाचा कठडा, काहीही चालेल. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कॅमेरा चालू ठेवून चालत जा. रडणाऱ्या चेहऱ्याचे क्लोजअप सगळे चॅनेल घेतात. हे कुणी घेत नाही, आणि पाच वर्षांनी चौकशी आयोगासमोर त्याचीच किंमत असते.

त्याच गोळीबारानंतर चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. त्यांचं गाणं पटवर्धनांनी त्याआधी बारा वर्षं ‘हमारा शहर’मध्ये घेतलं होतं. पुढे ‘जय भीम कॉम्रेड’ उभा राहिला तो या जुन्या ओळखीवर. या धंद्यात खरं भांडवल हेच: एकदा चित्रीकरण केलेल्या वस्तीत माहितीपट संपल्यावरही जात राहणं. लग्नाला जा, मयताला जा, आणि त्या वेळी कॅमेरा घरी ठेवा. ‘हमारा शहर’मध्ये एक झोपडी पाडलेली बाई चित्रीकरण करणाऱ्यांवरच संतापते, गरिबांचे फोटो काढून तुम्हाला काय मिळणार असं विचारते, आणि तो प्रसंग माहितीपटात ठेवलेला आहे. तुमच्यावरही असा संताप निघेल. तो कापू नका. तो कापलात की प्रेक्षकाला तुमच्या आणि समोरच्या माणसाच्या नात्याबद्दल खोटं चित्र मिळतं.

परवानगी कॅमेऱ्यावर, त्या माणसाच्या भाषेत घ्या आणि चेहरा, नाव, गाव यांची परवानगी वेगवेगळी विचारा. इंग्रजी फॉर्मवर अंगठा घेणं निव्वळ निरर्थक आहे. ज्याची नोकरी किंवा जीव धोक्यात येऊ शकतो त्याला रफ कट (संकलनाचं कच्चं रूप) दाखवून पुन्हा विचारा. सहा महिन्यांत परिस्थिती बदललेली असते आणि तेव्हाच्या होकाराला आता अर्थ नसतो.

आता सेन्सॉर. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ नुसार जाहीर प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपटालाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ आणि ए असे वर्ग आहेत आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली आहे. अर्ज ऑनलाइन होतो. अर्ज अडकतो तो बऱ्याचदा राजकारणाच्या आधी कागदांवर: संवादांची पूर्ण लिखित प्रत नाही, पार्श्वभूमीला वाजणाऱ्या सिनेगीताचे हक्क नाहीत, कुणी विडी ओढतंय तिथे तंबाखूचा इशारा नाही, बैल-कुत्रे दिसतात पण प्राणी कल्याण मंडळाचा कागद नाही. हे सगळं संकलन चालू असतानाच गोळा करा, म्हणजे बोर्डासमोर वाद घालायची वेळ आलीच तर तो फक्त आशयावर होईल.

काटछाट सुचवली तर आधी पुनर्निरीक्षण समिती. पूर्वी त्यापुढे अपील न्यायाधिकरण होतं. एप्रिल २०२१ मध्ये ते रद्द झालं, आता थेट उच्च न्यायालय. याचा व्यावहारिक अर्थ असा की वकिलाचा खर्च पहिल्याच अपिलाला सुरू होतो, आणि कोर्टात सुनावणी लागेपर्यंत माहितीपटाचा विषय थंड पडू शकतो. ‘जंग और अमन’ला एकवीस काटछाटी सुचवल्या होत्या, २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एकही न करता तो मोकळा केला. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’चं प्रकरण तर नीट अभ्यासावं असं आहे. माहितीपट १९९५ चा. दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला असूनही भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २५ ऑगस्ट २००६ ला तो दाखवण्याचा आदेश आला. अकरा वर्षं. न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं की सुटा प्रसंग उचलून चालत नाही. कलाकृती सर्वसाधारण समंजस प्रेक्षकाच्या नजरेने संपूर्ण पाहिली पाहिजे.

अशी प्रकरणं भाषणांवर जिंकली जात नाहीत, फाइलवर जिंकली जातात. म्हणून अर्ज द्याल तेव्हा आवक शिक्का मारलेली प्रत परत घ्या. तोंडी नकार आला तर त्याच दिवशी ई-मेल करा: ‘आज आपण असं सांगितलंत, कृपया कारण लेखी द्यावं.’ उत्तर न आल्यास पंधरा दिवसांनी स्मरणपत्र, मग माहिती अधिकाराचा अर्ज. प्रमाणपत्र, पुरस्काराचं पत्र, कापा म्हणून आलेली यादी, सगळं तारीखवार एका फाइलीत. संविधानाच्या कलम १९(१)(क) वर वकील उत्तम बोलेल, पण नकार मनमानी होता हे दाखवायचं तर त्याच्या हातात हे कागद हवेत.

प्रमाणपत्र नको, ऑनलाइनच टाकू, असंही म्हणता येतं. ऑनलाइनला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. २०२१ च्या आयटी नियमांखाली तिथे स्ववर्गीकरण आणि तक्रारींची रचना आहे. ‘विवेक’चे भाग यूट्यूबवर येऊ शकले ते तिथे प्रमाणपत्र लागत नाही म्हणून. तरीही माझं मत असं आहे की जमेल तेव्हा प्रमाणपत्र घ्यावंच. सभागृहाबाहेर गोंधळ होईल म्हणून खेळ बंद करा, असं सांगायला पोलीस निरीक्षक येतात तेव्हा तो कागद फार उपयोगी पडतो. एस. रंगराजन खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की प्रमाणित चित्रपट दाखवला जात असताना गोंधळाच्या धमकीपुढे सरकारला हात वर करता येणार नाहीत, बंदोबस्त देणं हे त्याचं काम आहे. निकालाची दोन पानं झेरॉक्स करून आयोजकाच्या खिशात ठेवा. महोत्सवातल्या खेळाला केंद्र सरकार प्रमाणपत्रातून सूट देऊ शकतं, पण ती नाकारलीही जाते. २०१९ मध्ये केरळच्या महोत्सवात ‘विवेक’ला सूट नाकारली गेली आणि केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो दाखवला गेला. त्याआधी २००४ मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय माहितीपटांना प्रमाणपत्राची अट घालायचा घाट होता. तेव्हा माहितीपटकार एकत्र आले आणि ‘विकल्प’ नावाने समांतर महोत्सवच भरवला. एकट्याने लढू नका, हे त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

खेळ भरवणं ही कला आहे आणि ती कुठल्याच फिल्म स्कूलमध्ये नीट शिकवत नाहीत. ‘जय भीम कॉम्रेड’ जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला, ज्यांच्याबद्दल तो आहे त्यांच्यात. तो ३ तास २० मिनिटांचा आहे. तुम्ही उघड्यावर असा लांब माहितीपट ठेवलात तर गणित करा: मे महिन्यात मुंबईत पडद्यावर नीट दिसेल असा अंधार साडेसातला होतो, आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला लाउडस्पीकर बंद. साडेसातला सुरू केलेला खेळ दहा पन्नासला संपेल. म्हणजे एकतर दोन रात्रींत विभागा, नाहीतर बंदिस्त समाजमंदिर, बुद्धविहार किंवा शाळेचा हॉल घ्या. बंदिस्त सभागृहाच्या आतल्या वापराला ही अट लागू होत नाही. प्रोजेक्टर निदान ३५०० लुमेनचा, नाहीतर रस्त्यावरच्या दिव्यात चित्र धुवून निघतं. माहितीपट लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि आयोजकाच्या फोनवर अशा तीन ठिकाणी. इन्व्हर्टर सोबत. पहिल्या रांगेत मुलं बसणार हे धरून चाला आणि पडदा त्यांच्या हाताला लागणार नाही एवढा उंच बांधा. चर्चेला अर्धा तास राखून ठेवा, आणि पहिला प्रश्न स्थानिक बाईकडून यावा अशी व्यवस्था आधीच करा. पहिला माइक नगरसेवकाच्या हातात गेला की चर्चा संपली समजा.

मराठी सबटायटल्स करा, माहितीपट हिंदीत असला तरी. दोन ओळींहून जास्त नको, एका ओळीत ३५-४० अक्षरं, आणि पार्श्वभूमीवर काळी छटा. पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत.

पैशांबद्दल सरळ बोलतो. शंभर रुपये असतील तर चाळीस चित्रीकरणाला, तीस संकलन-ध्वनी-सबटायटल्सना आणि तीस माहितीपट पूर्ण झाल्यानंतरच्या कामाला बाजूला काढा. ते शेवटचे तीस कुणीच काढत नाही. माणसं कमी ठेवा. पटवर्धन बहुतेक कॅमेरा आणि संकलन स्वतः करतात, आणि हा निर्णय जितका कलेचा तितकाच अर्थकारणाचा आहे: ज्याला रोजंदारी द्यायची नाही तो चौदा वर्षं थांबू शकतो. कॅमेरा विकत, लेन्स भाड्याने. घरखर्चासाठी दुसऱ्यांचं संकलन, शिकवणं, मुलाखतींचं टंकन-भाषांतर, काहीही करा. फक्त ज्यांच्याविरुद्ध माहितीपट करणार आहात त्यांची जाहिरात करू नका, कारण कोर्टात समोरच्या बाजूचा वकील पहिल्यांदा तेच शोधतो.

अनुदानं आहेत. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारखी संस्था आहे, परदेशात इडफा-बर्था फंड आहे, कोलकात्याच्या डॉकेजसारख्या मेळाव्यात परदेशी निर्माते भेटतात. पण परदेशी पैसा घेताना एफसीआरए, म्हणजे परदेशी योगदान नियमन कायदा, वाचा. २०१० च्या या कायद्याच्या कलम ३ मध्ये दृक्‌श्राव्य बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम तयार करणाऱ्या कंपन्या व संस्थांना परदेशी योगदान घ्यायला मनाई आहे. व्यवहारातून आलेलं शुल्क, म्हणजे माहितीपट विकल्याचे किंवा प्रसारण हक्काचे पैसे, वेगळ्या खात्यात मोडतात. ‘देणगी’ आणि ‘शुल्क’ यातला फरक करारातल्या एका शब्दावर ठरतो, तेव्हा सही करण्याआधी हे काम जाणणाऱ्या सीएला दाखवा. राजकीय माहितीपटकाराला गप्प करायचं तर आशयापेक्षा हिशेबात बोट घालणं सोपं असतं.

विक्रीत दोन दर ठेवा: व्यक्तीसाठी स्वस्त, विद्यापीठं आणि ग्रंथालयांसाठी कितीतरी पट जास्त. वस्तीतल्या खेळाला पैसे मागू नका, पण झोळी फिरवा, लोक देतात. प्रसारण करारात हक्क कायमचे देऊ नका. मुदत तीन किंवा पाच वर्षं, प्रदेश ठरलेला, आणि वस्तीतल्या विनातिकीट खेळांचा हक्क लेखी तुमच्याकडे. हे कलम नसेल तर ज्यांनी तुम्हाला घरात घेतलं त्यांनाच माहितीपट दाखवायला परवानगी मागायची वेळ येते.

राखणीचं काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. अॅसिटेटच्या रिळाला दमट हवेत व्हिनेगरचा वास येऊ लागला की ते आकसायला लागलेलं असतं. डीव्ही कॅसेटवर ठिपके येतात. हार्ड डिस्क कपाटात पडून राहिली तरी पाच वर्षांनी फिरेलच असं नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि हवाबंद डबा हवाच. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क लावून चेकसम पडताळा, चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर हलवा. माहितीपटात न आलेलं फुटेजही फेकू नका. ‘हमारा शहर’मधल्या शाहिराचं फुटेज बारा वर्षांनी कशासाठी लागणार आहे, हे १९८५ मध्ये कुणालाच माहीत असणं शक्य नव्हतं.

पहिल्या माहितीपटासाठी लोकल किंवा एसटीने दीड तासात पोहोचता येईल असा विषय निवडा. डंपिंग ग्राउंड, गिरणीच्या जमिनीवरचं पुनर्वसन, उसतोड कामगारांची शाळा, जे तुमच्या जवळ असेल ते. लांबी २०-२५ मिनिटं, मुदत एक वर्ष. रफ कट तयार झाला की सबटायटल्स करण्याआधी तो त्याच लोकांना दाखवा. कॅमेरा न लावता, वही घेऊन कोपऱ्यात बसा आणि कुठे कुजबुज झाली, कुठे हसू आलं, कुठे कुणी उठून गेलं ते टाइमकोडसह लिहून घ्या. त्या वहीवरून आणखी दोन महिने संकलन करा, मगच प्रमाणपत्राचा अर्ज भरायला घ्या.